गळकं कातडं

विश्रांतवाडीच्या शालूबाईंना कुणी आपणहून काही दिलं, की त्या ते आधी उलटं करून बघायच्या. ताट असो, टॉवेल असो, नाहीतर लग्नात आहेर म्हणून आलेली साडी असो. दिवाळीत शेजारणीने करंज्या पाठवल्या तर एक मोडून सारण तपासायच्या, वास घ्यायच्या, मग म्हणायच्या, "बऱ्या झाल्यात." खाणं त्यानंतर. दारात येणारा भाजीवाला भाजीवर पाणी मारून वजन वाढवतो असा त्यांचा पक्का समज, म्हणून बसने थेट मंडईत जायच्या. तिथे भेंडीचं टोक मोडून आणि दुधीला नख लावून भाजी घ्यायच्या. मंडईतल्या बायका त्यांना लांबून बघूनच भेंडीची टोपली मागे सरकवायच्या.

लोक म्हणायचे, जमिनीच्या व्यवहारात कुणीतरी दगा दिला असेल, म्हणून बाई अशी झाली. तसं काही नव्हतं. शेतावर बिल्डर आला, सोसायटी उभी राहिली, ठरल्याप्रमाणे फ्लॅट मिळाले, सगळं सरळ झालं. इतकं सरळ कसं झालं, याची उलट त्यांना जास्त शंका. खरं सांगायचं तर शालूबाई जन्मापासूनच तशा. पाळण्यातही एक डोळा किलकिला ठेवून झोपत असतील.

विश्वास म्हणाल तर एका पाण्यावर होता. लहानपणी भावांबरोबर ओढ्याच्या डोहात पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकल्या होत्या. मग लग्न झालं, शेत आलं, गुरं आली, पाणी फक्त डोक्यावरून वाहायचं राहिलं. नवरा, मच्छिंद्र, गेला. त्याच्या पाठोपाठ गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, आजी, पाण्यात चाला, पाण्यात पोहा, गुडघ्याला तेवढाच आराम. सोसायटीत पोहायचा टँक होताच. सूनबाईने आणून दिलेला गुडघ्यापर्यंतचा पोशाख उलटासुलटा करून बघितला, अंगात घातला आणि शालूबाई उतरल्या. इतक्या वर्षांनी पाण्याने त्यांना ओळखलं. जमिनीवर दोन खोल्या ओलांडायला भिंत धरणारी बाई पाण्यात बेडकासारखी सुटली.

पण टँक थंडीत बंद. कमिटी म्हणायची, कुणी येत नाही, मग साफसफाई कशाला. गेल्या वर्षी तो बंद झाला आणि गुडघे हळूहळू गंजल्यासारखे झाले. शिवरात्रीच्या सुमाराला एके दिवशी शालूबाई न्हाणीतल्या पाटावरून उठायला गेल्या, तर उठताच येईना. बराच वेळ तशाच बसल्या. शेवटी हाक मारावी लागली. सून आली, काखेत हात घालून तिने उभं केलं, अंगाला टॉवेल गुंडाळला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं शालूबाईंना वाटत राहिलं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं ते कळत नाही.

सून म्हणजे ऋचा. नारायण पेठेतली. शालूबाईंच्या मुलाच्या, सूरजच्या, ऑफिसात होती, तिथेच दोघांचं जमलं. पेठेतल्या माणसांचं बोलणं कसं, तर लिंबाच्या फोडीसारखं, जेवढं पिळाल तेवढंच. शालूबाईंच्या गावात सुना सासूशी गोड तरी बोलायच्या नाहीतर उघड भांडायच्या. ही दोन्ही करत नव्हती. त्यामुळे शालूबाईंनी तिला कायम शंकेच्या यादीत वर ठेवलं होतं.

यंदा डिसेंबरात टँक बंद व्हायच्या आधी एका पहाटे शालूबाई गेल्या आणि गार पाण्यात पोटरीला गोळा आला. वॉचमनने हात देऊन बाहेर काढलं आणि सूरजला फोन केला. सूरज म्हणजे आईवर जीव टाकणारा मुलगा, पण घाबरट. त्याने जाहीर केलं, होळीपर्यंत गार पाण्याला हात लावायचा नाही. शालूबाईंनी हिशेब केला: होळीपर्यंत पाणी नाही म्हणजे पुन्हा न्हाणी, पुन्हा हाक, पुन्हा काखेत हात. त्यापेक्षा विहीर परवडली. पण हे मुलाला सांगणार कसं? ज्या गोष्टीची सगळ्यात लाज, तीच उघड करून सांगायची?

मग संक्रांत आली. तिळगूळ देऊन झाला आणि ऋचाने एक खोकं पुढे सरकवलं. आत काळंकुळकुळीत, जाड, रबरासारखं काहीतरी घडी करून ठेवलेलं. हात होते, पाय होते, मुंडकं तेवढं नव्हतं. ऋचा म्हणाली, हा वेटसूट, गार पाण्यात घालायचा. ती दर रविवारी पानशेतच्या अलीकडे धरणाच्या फुगवट्यावर फळीवर उभं राहून वल्हं मारायला जायची, तिथे सगळे घालतात.

"संक्रांतीला काळं चालतं म्हणून आजच देते," ती म्हणाली. "एरवी दिलं असतं तर तुम्ही शास्त्र काढलं असतंत."

सूरजने डोकं खाजवलं आणि अट घातली. येत्या रविवारी एकदा घेऊन जाऊ, मी काठावर बसणार, आई पाण्यात. सगळं नीट झालं तर पुढे दर रविवारी. जरा काही वेडंवाकडं झालं तर होळीपर्यंत विषय काढायचा नाही. शालूबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष सुनेकडे होतं. हिला काय पडलंय माझ्या पोहण्याचं?

दार लावून घेऊन त्यांनी तो सूट अंगावर चढवायला घेतला. चढवायला म्हणजे, उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तसं. मांडीपर्यंत येऊन घाम फुटला. हे कापड नव्हे, कातडं, आणि कातडं तर देवाने आधीच दिलेलं आहे. शिवाय सगळं अंग जसंच्या तसं दिसणार. आणि घरची रीत होती, कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. सूरजची शाळेची चड्डी दोन इयत्ता पुरायची. साठी उलटली म्हणून रीत थोडीच बदलते? अंग वाढायचं थांबलं तरी कापड आटतंच. त्यांनी ऋचा ऑफिसला गेल्यावर सूरजला गाठलं आणि मोबाईलवरून मोठा सूट बदलून मागवायला लावला. चांगला ढगळ. ऋचाला सांगू नकोस म्हणाल्या. सूरजला बायको आणि आई यांच्यामध्ये उभं राहायची हौस नव्हती, त्याने सांगितलं नाही.

नवा सूट आला. आता नवी घागर आणली की शालूबाई काय करायच्या, तर पाणी भरून कोरड्या फरशीवर ठेवायच्या आणि घटकाभराने खाली ओल आली का बघायच्या. सुटालाही तोच न्याय. एक बाही सुतळीने बांधली, बादलीने पाणी भरलं आणि न्हाणीतल्या खुंटीला टांगली. थोड्या वेळाने शिवणीवर बारीक बारीक थेंब उभे राहिले, मग टपटप सुरू झाली.

एवढं समाधान शालूबाईंना कित्येक दिवसांत झालं नव्हतं. सापडली. पाण्यात घालायचा कपडा आणि पाणी आत घेतो. माप बदललं तरी माल तोच, म्हणजे सुनेने जाणून गळका माल आणला. म्हातारी भिजणार, गारठणार, चार दिवस अंथरूण धरणार, मग ही शांतपणे म्हणणार, मी तर सूटसुद्धा आणून दिला होता.

पण समाधान फार टिकलं नाही. हे सूरजला सांगावं, तर तो म्हणणार, सूट गळका आहे ना, मग राहू दे, जाऊच नको. सुनेला पकडावं तर पाणी जातं, आणि पाणी हवं तर सुनेला सोडावं लागतं. शालूबाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या आणि सकाळी सूट पिशवीत घालून आळंदी रस्त्यावर बद्रीनाथच्या पंक्चरच्या दुकानात गेल्या.

बद्रीनाथ मच्छिंद्रच्या सायकलपासूनचा ओळखीचा. त्याने ते काळं धूड उलगडून बघितलं आणि काय आहे म्हणून विचारलं. पावसाळी कोट, शालूबाई म्हणाल्या. बद्रीनाथने त्याचे दोन पाय बघितले, शालूबाईंकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. धंद्यात असं लागतं. त्याने आतून शिवणी घासल्या, सोल्युशन लावलं, रबराच्या पट्ट्या ठोकून बसवल्या. वर सल्ला दिला की मनगटाला आणि घोट्याला ट्यूबची पट्टी घट्ट बांधा, मग थेंब आत शिरायची टाप नाही. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या त्यानेच कापून दिल्या. घरी शालूबाईंनी पुन्हा पाणी भरून टांगलं. फरशी कोरडी. सुनेचा डाव आता तिच्याच गळ्यात, असं म्हणत त्यांनी सूट घडी घालून ठेवला.

रविवारी तांबडं फुटायच्या आत तिघं निघाले. फुगवट्यावर पोचले तेव्हा पाण्यावर धुकं बसलं होतं, पलीकडचा डोंगर अर्धाच दिसत होता. तिथे साई नावाचा एक माणूस फळ्या आणि होड्या भाड्याने द्यायचा, बँकेतली नोकरी सोडून आलेला, गळ्यात शिट्टी. त्याने नियम सांगितला: दोरीच्या अलीकडे छातीएवढं पाणी, तिथे पोहा, पलीकडे जायचं तर जाकीट घालून. सूरज चहाच्या टपरीपाशी खुर्ची ओढून बसला, तोंड पाण्याकडे.

तंबूत शालूबाईंनी सूट चढवला, पट्ट्या बांधल्या आणि त्यांच्यावर कडा दुमडून घेतल्या, दिसायला नको म्हणून. मागची चेन लावायला मात्र ऋचाला बोलवावं लागलं. चेन ओढताना ती थांबली.

"हा तुमच्या मापाचा नाही."

"बसतोय की अंगाला."

"बसत नाही, राहतोय तुमच्याबरोबर." ऋचाने चेन लावली. "असो. तुमचं अंग, तुमचं पाणी."

ती तिच्या फळीवर चढून निघाली, आणि शालूबाई एकेक पाऊल टाकत पाण्यात शिरल्या. पायाच्या बोटांना चटका बसला, हाताच्या पंजांना बसला, पण अंगाला काही नाही. कमरेपर्यंत गेल्या, छातीपर्यंत गेल्या. आत खडखडीत कोरडं. एक थेंब नाही. त्यांनी काठावरच्या सूरजकडे विजयी नजरेने पाहिलं आणि पाण्यावर पालथं अंग टाकलं.

इतका वेळ सुटात कोंडलेली सगळी हवा गळ्याकडून पायांकडे धावली. बाहेर जायला वाट नव्हती, घोट्याला बद्रीनाथची पट्टी होती. पाय फुग्यासारखे वर आले आणि डोकं खाली गेलं. शालूबाईंनी पाय खाली दाबले, ते आणखी वर आले. हाताने पाणी मारलं, तोंड वर काढलं, अर्धा श्वास घेतला, पुन्हा खाली. नाकात पाणी गेलं. छातीएवढ्याच पाण्यात, तळ अडीच हातांवर असताना, पाय टेकेनात. ज्या पाण्यावर जन्मभर विश्वास ठेवला, ते आज ओळख दाखवत नव्हतं. खाली डोळ्यांपुढे हिरवट अंधार होता आणि त्यात त्यांना दिसली ती न्हाणीच.

तेवढ्यात हनुवटीखाली कुणाचा तरी हात आला आणि तोंड वर उचललं गेलं. ऋचा वल्हं टाकून फळीवरून उडी मारून आली होती.

"पाय खाली घ्या."

"येत न्हाईत," शालूबाई खोकत म्हणाल्या.

ऋचाने एका हाताने त्यांना धरून ठेवलं आणि दुसऱ्याने पाय चाचपले. मांडी टरटरून फुगलेली. तिने घोट्याची घडी उलटली, पट्टी सापडली, बोट घालून ती ओढून काढली. मग दुसऱ्या पायाची. बुडबुड करत हवा बाहेर पडली आणि पाण्यावर सोल्युशनचा वास पसरला. शालूबाईंचे पाय तळाला लागले. त्याच क्षणी गार पाणी भसकन आत शिरलं आणि त्यांचा श्वास अडकला.

ऋचा हातातल्या पट्टीकडे बघत होती. "हे कुणी बांधलं?"

"म्या."

"का?"

"गळतो ह्यो," शालूबाई म्हणाल्या. आता लपवायला उरलं तरी काय होतं?

ऋचाने काही म्हणायच्या आत सूरज हातातला चहाचा ग्लास तसाच घेऊन पाण्याच्या कडेला धावत आला. काय झालं, कोण बुडालं, आई, तू ठीक आहेस ना. चेहरा पांढरा पडलेला. शालूबाईंना कळलं की आता ही पट्टी वर आली की संपलं. वर यायचीच. सून बोलणार, एवढ्या वर्षांचं एकदम बोलणार.

ऋचाने पट्टी मुठीत घेतली आणि मूठ पाण्याखाली नेली.

"काही नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंना पाठीवर तरंगायचं होतं, पोटावर तरंगल्या."

सूरजने साईकडे बघितलं. साई शिट्टीवरची धूळ पुसत होता. सूरज म्हणाला, बास झालं, मी बघितलंय सगळं, आई, बाहेर ये, चला घरी. शालूबाई थरथरत उभ्या होत्या. त्या ढगळ सुटात पाणी येत होतं आणि जात होतं, आणि दर वेळी नवी थंडी देत होतं.

"थांब," ऋचा म्हणाली. "सूट मापाचा नव्हता, म्हणून झालं. मापाचा घालून बघू दे, मग काय ते ठरव. मी आणलेला मापाचा होता. तो कसा बदलला ते मला माहीत नाही."

सूरजला माहीत होतं. त्याने चहाचा एक घोट घेतला.

तंबूत ऋचाने स्वतःचा सूट उतरवला आणि शालूबाईंच्या हातात दिला. दोघी बांध्याने सारख्याच, काटक. शालूबाईंनी जन्मात कुणाच्या अंगावरचं उतरलेलं घातलं नव्हतं. सूट ओला होता आणि कोमट होता. सवयीने त्यांनी तो उलटा करून शिवण बघितली. तीच शिवण, तसेच टाके, पट्टी कुठे नाही. ऋचाने त्यांच्या पावलांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, म्हणजे पाय सरकतात, आणि तसूतसूने तो वर ओढला. अंग जसंच्या तसं दिसत होतं. बघायला ऋचाच होती आणि तिने सगळं न्हाणीत आधीच पाहिलेलं होतं.

दोघी पुन्हा पाण्यात उतरल्या. शालूबाईंच्या पाठीतून गार रेघ सरकत खाली गेली आणि त्या थांबल्या.

"तुझापण गळतोय," त्या म्हणाल्या.

"सगळेच गळतात. आत आलेलं पाणी अंगाच्या उबेने तापतं. सूट फक्त त्याला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तो घट्ट लागतो."

"मंग आधी का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

शालूबाईंनी विचार केला. नसतं वाटलं. शंका अशी की, हिने स्वतःसाठीही गळकाच का घ्यावा? या शंकेचा कीस काढेपर्यंत पाठीतलं पाणी कोमट झालंसुद्धा. पोट कोमट झालं, मांड्या कोमट झाल्या. गुडघ्यांच्या वाटीत कुणी गरम कपडा धरल्यासारखं वाटलं. शालूबाईंनी अंग टाकलं. पाय जिथे असायला हवे तिथेच राहिले. त्या दोरीपर्यंत गेल्या, दोरीला हात लावला, वळल्या. सूरज काठाकाठाने त्यांच्या बरोबरीने चालत होता, त्या वळल्या की तोही वळायचा. परत आल्या आणि न थांबता पुन्हा दोरीकडे गेल्या. तिकडे फळीवर ऋचा तो ठिगळांचा ढगळ सूट घालून वल्हं मारत होती, ओल्या बाह्या लोंबत होत्या, आणि साईला हसू आवरेना.

बऱ्याच वेळाने शालूबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या, भिंत न धरता, म्हणजे धरायला तिथे भिंत नव्हतीच. सूरजने टॉवेल दिला. आईच्या हाताला हात लावून बघितला, तो गरम होता. मग तो पाण्याकडे बघत म्हणाला की पुढच्या आठवड्यात मापाचा मागवतो.

परत येताना तो वाटेत पेट्रोल भरायला उतरला. गाडीत दोघीच. शालूबाई मागे बसल्या होत्या. इतका वेळ त्या एकच गोष्ट चघळत होत्या. ढगळ माप कळलं, गळणं कळलं, पण ती पट्टी मुठीत का लपवली? सांगून टाकली असती तर हिचं काय जाणार होतं? फुकट कुणी कुणासाठी खोटं बोलत नाही.

"सूरजला खरं का न्हाय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

ऋचा आरशातून त्यांच्याकडे बघत होती. "तुम्ही घरी बसलात की तुमच्यापाशी कुणीतरी बसायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. मग माझे रविवार गेले, माझी फळी गेली. त्यापेक्षा तुम्ही पाण्यात बऱ्या."

शालूबाईंनी हे कारण मनात उलटं करून बघितलं, मग सुलटं करून बघितलं. यात सुनेचा स्वार्थ होता, स्वच्छ, उघड, कुठे शिवण दिसत नव्हती. प्रेमाबिमाचं काही म्हणाली असती तर त्यांना आणखी महिनाभर झोप लागली नसती. या कारणावर मात्र टेकून बसता येत होतं.

"मंग येत्या रविवारी जरा लवकर निघू," त्या म्हणाल्या. "ऊन चढलं की पाण्यावर गर्दी होती."

सूरज येऊन बसला आणि त्याने विचारलं, काय बोलत होतात. दोघीही काही नाही म्हणाल्या.